अकीक धुवा, पण फिरोजा फक्त पुसा

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानची गोष्ट. ईदला चार दिवस राहिले होते. घर झाडून झालं, पडदे धुऊन झाले आणि नेहमीप्रमाणे कपाटातला दागिन्यांचा डबा खाली उतरला. त्यात अम्मींची चांदीची अंगठी होती, फिरोजाचा नगिना असलेली, नानींकडून त्यांच्याकडे आलेली. चांदी काळी पडली होती. आम्ही म्हटलं, चला, हीपण चकाचक करून टाकू. वाटीत कडकडीत पाणी घेतलं, चमचाभर कपडे धुण्याची पावडर टाकली, वरून अर्धं लिंबू पिळलं, अंगठी बुडवली आणि इफ्तारीच्या तयारीला लागलो.

तासाभराने काढली तेव्हा चांदी खरंच पांढरीशुभ्र झाली होती. पण नगिना? जो आकाशासारखा निळा होता, तो हिरवट, राखाडी आणि खडूसारखा भुरा झाला होता. अम्मी काही बोलल्या नाहीत. अंगठी बोटात घालून दोनदा फिरवून पाहिली आणि फक्त "असू दे" म्हणाल्या. शेजारच्या खाला म्हणाल्या, फिरोजाने रंग बदलला म्हणजे घालणाऱ्यावरची बला त्याने स्वतःवर घेतली. खरं सांगायचं तर या प्रकरणात बला आम्हीच होतो.

ईदनंतर सराफ्यातल्या एका जुन्या नगिने बसवणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने अंगठी हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कशात धुतली?" आम्ही सांगितलं. तो म्हणाला, वरून हलकं पॉलिश करून थोडी चमक आणता येईल, पण गेलेला रंग परत येणार नाही. नवा फिरोजा बसवून देतो म्हणाला. अम्मींनी नको म्हटलं.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. कारागिरांना विचारलं, पुस्तकं चाळली, विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांशी बोललो. जे समजलं ते इथे मांडतोय, म्हणजे आमची चूक तुमच्या घरात होऊ नये.

नगिना ही एकच वस्तू नाही

आपली मूळ चूक अशी की चांदीत किंवा सोन्यात बसवलेल्या प्रत्येक रंगीत खड्याला आपण "दगड" समजतो आणि दगडाला काय होणार, असं म्हणतो. प्रत्यक्षात अकीक, फिरोजा, लाजवर्द, मोती, मर्जान (म्हणजे पोवळं) आणि कहरुबा या सहा पूर्णपणे वेगवेगळ्या वस्तू आहेत. अकीक हा खरा टणक दगड आहे. फिरोजा तांबं आणि अॅल्युमिनियम असलेलं, पाणी धरून ठेवणारं एक फॉस्फेट आहे. लाजवर्द हा एकच खनिज नसून अनेक खनिजांचं मिश्रण आहे. मोती शिंपल्यात तयार होतो, मर्जान समुद्रातल्या जिवांचा सांगाडा आहे, आणि कहरुबा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची घट्ट झालेली राळ. आता या सगळ्यांना एकाच वाटीत घालून उकळलं तर काय होणार, हे सांगायला नको.

म्हणून दागिना धुवायला घेण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. नगिना किती कडक आहे? त्याला बारीक छिद्रं आहेत का, म्हणजे तो पाणी-तेल पितो का? आणि त्याच्यावर माणसाने काही कारागिरी केली आहे का, म्हणजे रंग दिलाय, मेण किंवा राळ भरली आहे, डिंकाने चिकटवलाय का?

कडकपणा का महत्त्वाचा?

1812 मध्ये फ्रेडरिक मोह्स या जर्मन खनिजतज्ज्ञाने खनिजांचा कडकपणा मोजायची एक सोपी पट्टी दिली. 1 ते 10. ज्याने दुसऱ्यावर ओरखडा पडतो तो जास्त कडक. हिरा 10 वर. अकीक साधारण 6.5 ते 7. फिरोजा 5 ते 6. लाजवर्द 5 च्या आसपास. मर्जान 3 ते 4, मोती त्याहूनही थोडा मऊ, आणि कहरुबा जेमतेम 2 ते 2.5.

आता यातली खरी गंमत ऐका. आपल्या घरातल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, डोळ्यांना न दिसणारे कण असतात. क्वार्ट्झचा कडकपणा 7. म्हणजे धूळ बसलेला फिरोजा तुम्ही कोरड्या फडक्याने जोरात घासला, तर तुम्ही तो पुसत नसून बारीक पॉलिश पेपरने घासताय. एका दिवसात दिसत नाही, पण वर्षभरात चमक उतरते. म्हणून आधी फुंकर मारायची किंवा मऊ ब्रशने धूळ झटकायची, मग पुसायचं.

टूथपेस्टचंही तसंच. चांदी उजळायला टूथपेस्ट आणि राखुंडी घराघरात वापरतात. दोन्हींत घासणारी भुकटी असते. चांदीवरही त्याने ओरखडे पडतात, मग मोती-मर्जानचं काय होत असेल!

अकीक: घरचाच दगड

आपल्याकडे पुरुषांच्या हातात सर्वात जास्त दिसतो तो अकीक. हजरत मुहम्मद (स.) यांच्या चांदीच्या अंगठीचा उल्लेख हदीसमध्ये येतो, म्हणून चांदीत नगिना घालण्याची आवड आपल्याकडे जुनी आहे. यमनचा अकीक मशहूर आहे, पण अनेकांना माहीत नसतं की हा दगड आपल्या पायाखालीसुद्धा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला. तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले, आणि त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर बसत गेले. तोच अकीक. आपल्या मराठवाड्यात आणि खानदेशात विहीर खोदताना काळ्या खडकात असे पट्ट्यापट्ट्यांचे गोटे सापडतात.

गुजरातमध्ये भरूच जिल्ह्यात रतनपूरजवळ अकीकच्या जुन्या खाणी आहेत. तिथेच बाबा घोर यांची दर्गाह आहे. ते हबशी व्यापारी होते आणि अकीकचा धंदा त्यांनी वाढवला, असं तिथले लोक मानतात. सिद्दी समाज त्यांना फार मानतो. तिथला दगड खंबातला जातो आणि तिथले कारागीर त्याला घडवतात. लाल अकीकचा रंग पुष्कळदा भाजून आणलेला असतो. दगड बराच काळ उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून मंद आचेवर तापवायचा. त्यातल्या लोहाचा रंग तांबडा होतो. हा रंग पक्का असतो, धुतल्याने जात नाही.

काळ्या सुलेमानी दगडाची गोष्ट वेगळी. तो बऱ्याचदा साखरेच्या पाण्यात मुरवून नंतर तेजाबात टाकलेला असतो. आत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो आणि दगड काळा दिसतो. हाही रंग टिकतो. पण बाजारात मिळणारे भडक गुलाबी, निळे, पोपटी अकीक हे रसायनाच्या रंगात बुडवलेले असतात. ते उन्हात ठेवले तर फिके पडतात.

तर अकीकची काळजी सोपी आहे. कोमट पाणी, एक-दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, मग स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच पुसायचं. एवढंच. स्फटिक, जमुनिया, गोमेद यांनाही हीच रीत चालते. फक्त जमुनियाला कडक उन्हात वाळत घालू नका, त्याचा जांभळा रंग उन्हाने उडू शकतो. आणि कुठलाही दगड गरम पाण्यातून काढून एकदम थंड पाण्याखाली धरू नका. आत बारीक चीर असेल तर ती वाढते.

एक इशारा. घरी दगड घासून लहान करण्याच्या फंदात पडू नका. अकीकची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस नावाचा आजार होतो आणि त्यावर इलाज नाही. खंबातच्या किती तरी कारागिरांनी आपल्या अंगठ्यांची किंमत या आजाराने चुकवली आहे. आपल्या बोटातला नगिना सांभाळून वापरावा, याला हेही एक कारण आहे.

फिरोजा: जो सगळं पितो

इराणमधल्या निशापूरचा फिरोजा शतकानुशतकं नावाजलेला आहे. पण कुठलाही असो, फिरोजा सच्छिद्र असतो. घाम, तेल, साबण, अत्तर, क्रीम, सगळं हळूहळू आत शिरतं आणि निळा रंग हिरवट होत जातो. म्हणून जुन्या लोकांना वाटायचं की फिरोजा माणसाची हालत सांगतो. तो हालत सांगत नाही, आपण हाताला काय लावलं ते सांगतो.

आजकाल बाजारातला बराचसा फिरोजा मेण किंवा राळ भरून पक्का केलेला असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त दुकानदाराने तसं सांगायला हवं. आम्ही गरम पाणी आणि धुण्याची पावडर वापरली, तेव्हा वरचं मेण निघून गेलं असावं. लिंबाच्या आम्लाने पॉलिश खाल्लं, आणि उघड्या पडलेल्या छिद्रांत साबण शिरला. तीन चुका, एका वाटीत.

फिरोजासाठी नियम एकच. बुडवायचा नाही. मऊ सुती कापड साध्या पाण्यात भिजवून पूर्ण पिळायचं, हलक्या हाताने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. लाजवर्दलाही हेच. लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून येतो. त्यात पांढऱ्या रेषा दिसतात ते कॅल्साइट, आणि सोन्यासारखे ठिपके दिसतात ते पायराइट. लिंबू-व्हिनेगर कॅल्साइटला अक्षरशः खातं.

मोती, मर्जान, कहरुबा

मोती आणि मर्जान दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. आठवीच्या प्रयोगशाळेत आपण चुनखडीवर आम्ल टाकतो आणि फसफस पाहतो. मोत्याला लिंबू, चिंच, व्हिनेगर लावणं म्हणजे तोच प्रयोग दागिन्यावर करणं. घामसुद्धा किंचित आम्लयुक्त असतो, म्हणून वापरून झाल्यावर ओलसर कापडाने पुसून मगच डब्यात ठेवा.

मोत्याच्या माळेत आणखी एक नाजूक वस्तू असते, ती म्हणजे दोरा. माळ पाण्यात बुडवली की दोरा ओला होऊन ताणतो आणि भोकांत मळ साचतो. माळ खिळ्याला टांगू नका, सपाट ठेवा. नेहमी वापरात असेल तर वर्ष-दोन वर्षांनी ओवून घ्या, आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायला सांगा. मग दोरा तुटला तरी शादीखान्यात सगळे मोती खुर्च्यांखाली शोधावे लागत नाहीत, एखादाच पडतो.

कहरुबाची तसबीह असेल तर स्प्रेचं परफ्युम आणि सॅनिटायझर तिच्यापासून दूर ठेवा. दोन्हींत अल्कोहोल असतं, त्याने कहरुबाचा वरचा थर चिकट आणि धुरकट होतो. तो खरा की खोटा पाहायला तापलेली सुई टोचणारे महाभाग आहेत. वस्तू खरी निघाली तरी भोक कायमचं राहतं.

जडाऊ आणि कुंदन: पाण्याला सक्त मनाई

मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत नानी-दादीच्या काळातले हैदराबादी घडणीचे जडाऊ दागिने आजही आहेत. कुणाच्या शादीचे, कुणाच्या मेहरचे. या दागिन्यांत सोन्याच्या पोकळ घराच्या आत लाख भरलेली असते. नगिन्याखाली चमकदार पत्रीचा कपटा असतो, आणि कडेने शुद्ध सोन्याची पातळ पट्टी दाबून कोंदण केलेलं असतं. खड्याची अर्धी चमक त्या पत्रीची असते.

पाणी कडेने आत गेलं की पत्री काळी पडते आणि खडा आंधळा दिसू लागतो. गरम पाण्याने लाख मऊ होऊन खडा हलतो. म्हणून जडाऊ दागिना रिठ्याच्या पाण्यातही टाकू नका. रिठा साध्या सोन्याला उत्तम, जडाऊला नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, कोरड्या मलमलने टिपायचं. त्याहून जास्त काम असेल तर ज्याला जडावाचं काम येतं अशाच कारागिराकडे द्यायचं.

वजू, अत्तर, मेहंदी आणि भाजीचा हात

आपल्या रोजच्या जगण्यात काही गोष्टी अशा आहेत, ज्यांचा विचार या विषयावरच्या सर्वसाधारण माहितीत सापडत नाही.

पहिली वजू. अंगठी घट्ट असेल तर ती हलवून खालच्या त्वचेपर्यंत पाणी पोहोचवायचं, हे आपण लहानपणीच शिकतो. म्हणजे पाच वेळा अंगठी भिजते. अकीकला काही फरक पडत नाही. फिरोजा किंवा मर्जान असेल तर वजूआधी काढून खिशात ठेवा. मशिदीच्या हौदाच्या कठड्यावर ठेवू नका, तिथे विसरलेल्या अंगठ्यांच्या कहाण्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. बोअरचं पाणी जड असेल तर नगिन्याच्या कडेला पांढरा थर जमतो. तो काढायला व्हिनेगर लावायचा मोह होतो, लावू नका. भिजल्यावर लगेच पुसलं तर थर बसतच नाही.

दुसरं अत्तर. ते तेलाचं असतं, आणि फिरोजाला तेल म्हणजे जहर. अत्तर लावा, हात कोरडे होऊ द्या, मग अंगठी घाला. मोत्यांचंही तसंच. सगळ्यात शेवटी घालायचे, सगळ्यात आधी काढायचे.

तिसरी मेहंदी आणि हळद. दोन्हींचे रंग सच्छिद्र नगिन्यात आणि मोत्यात शिरतात आणि बाहेर निघत नाहीत. मेहंदी काढताना, पीठ मळताना, मसाला वाटताना अंगठी काढून ठेवायची सवय लावा.

चांदी काळी पडली तर?

हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन चांदीवर काळा थर येतो. अॅल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय मोबाईलवर फिरत असतो. साध्या चांदीला तो लागू पडतो, कारण गंधक चांदी सोडून अॅल्युमिनियमकडे जातं. पण नगिना असलेल्या दागिन्याला नाही. चांदी उजळायचं तयार द्रावणही नाही, त्यात आम्ल असतं. चांदी पुसायचं खास कापड मिळतं, ते फक्त धातूवर फिरवा, नगिन्याला लागू देऊ नका.

दुकानात कंपन करणारं साफसफाईचं मशीन असतं. "दोन मिनिटांत करून देतो" असं कुणी म्हणालं तर आधी नगिन्याचं नाव सांगा. फिरोजा, लाजवर्द, मोती, मर्जान, कहरुबा, ओपल आणि पन्ना त्या मशीनमध्ये जाऊ देऊ नका. पन्न्याच्या बारीक चिरांत बहुधा तेल भरलेलं असतं, ते निघून जातं आणि चिरा उघड्या पडतात.

ठेवायचं कसं

प्रत्येक दागिना वेगळ्या मलमलच्या थैलीत ठेवा. एकाच डब्यात अकीक आणि फिरोजा एकमेकांवर घासले तर हार फिरोजाचीच होते. मोती वर्षानुवर्षं हवाबंद प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, अधूनमधून घाला. घालण्याआधी बोटाने हलकंच ढकलून नगिना हलतो का पाहा. हलत असेल तर त्याच दिवशी कारागिराकडे न्या.

आणि एक काम आजच करा, आम्हीही केलं. प्रत्येक थैलीत एक चिठ्ठी टाका. कुठला नगिना, कुणी दिला, कधी दिला, त्यावर काय कारागिरी आहे, आणि पाणी चालतं की नाही. नगिना कुठला ते माहीत नसेल तर विश्वासातल्या सराफाला दाखवा. मोलाची वस्तू असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतून दाखला घ्या. तोपर्यंत ती फिरोजा आहे असं समजूनच वागवा, म्हणजे फक्त ओलसर कापड. याने कुठल्याही नगिन्याचं नुकसान सहसा होत नाही.

अम्मी ती अंगठी अजूनही ईदला घालतात. रंग हिरवटच आहे. गेल्या ईदला आमच्या मुलीने विचारलं, "दादी, ही पुढे मला मिळणार ना?" अम्मी म्हणाल्या, "मिळेल की, पण आधी चिठ्ठी वाचायला शिक." त्या थैलीतल्या चिठ्ठीवर आम्ही लिहून ठेवलं आहे: फिरोजा, नानींचा. पाण्यात घालू नये. रंग आमच्या हातून गेला.